एसीएचआर अँटीबॉडी चाचणी, गोव्यातून: होकाराला खणखणीत, नकाराला कच्ची

सकाळी डोळे नीट उघडतात आणि दुपार कलली की एक पापणी खाली येऊ लागते. कदंब बसच्या पाटीवरची अक्षरे दोन-दोन दिसतात, एक डोळा झाकला की पुन्हा एकेरी होतात. अशा तक्रारीवर नेत्रतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट जी रक्तचाचणी लिहून देतात ती बहुधा हीच, एसीएचआर म्हणजे ॲसिटाइलकोलीन रिसेप्टरच्या अँटीबॉडीची. संशय असतो तो मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायू लवकर दमवणाऱ्या आजाराचा, आणि तोही डोळ्यांपुरत्या मर्यादित, म्हणजे ऑक्युलर मायस्थेनिया ग्रेव्हिसचा. चाचणी काही हजार रुपयांची, रिपोर्ट यायला आठवडा सहज जातो आणि हातात येतो एक आकडा. तो आकडा कशाचा, त्यावर किती विसंबायचे आणि पैसे कुठे वाया जातात, हे रक्त देण्याआधी कळलेले बरे.

निकाल आधीच सांगून टाकू. ही चाचणी ‘हो’ म्हणाली तर जवळजवळ डोळे मिटून विश्वास ठेवावा. ‘नाही’ म्हणाली तर डोळ्यांच्या मायस्थेनियात त्या ‘नाही’ला फारसे वजन नाही. आजार हातापायांत, गिळण्यात, बोलण्यात पसरलेला असेल तेव्हा शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांत अँटीबॉडी सापडते. फक्त डोळ्यांपुरता असेल तर हेच प्रमाण साधारण निम्म्यावर येते. म्हणजे खरा आजार असलेल्या दहा जणांपैकी पाचेक जण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी जातात. त्यांना कुणी ‘काही नाही, डोळे थकलेत, चष्म्याचा नंबर बघा’ असे सांगितले, तर चाचणीने फायद्याऐवजी नुकसानच केले म्हणायचे.

चाचणी नेमके काय शोधते ते थोडक्यात. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटाइलकोलीन सुटते आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. या आजारात शरीर त्याच रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. काही रिसेप्टर अडतात, काही नष्ट होतात. पहिल्या काही हालचाली निभावतात, मग स्नायू दमतो. पापणी उचलणारे आणि बुबुळ फिरवणारे स्नायू सतत कामावर असतात, त्यामुळे तिथे आधी कळते. बाहुलीच्या स्नायूवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे असल्याने बाहुली मात्र शाबूत राहते. ही खूण लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता पद्धत. आपल्या मते रिपोर्टवरची सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, आणि रुग्ण नेमकी तीच वाचत नाही. जुनी आणि अजूनही मापदंड मानली जाणारी पद्धत रेडिओइम्युनोअ‍ॅसेची, म्हणजे आरआयए. यात अल्फा-बंगारोटॉक्सिन वापरतात. हे विष येते ते आपल्याकडच्या मण्यारीच्या तैवान-चीनमधल्या चुलत बहिणीकडून. ते ॲसिटाइलकोलीनच्या रिसेप्टरला अशी मिठी मारते की सुटत नाही. या विषाला किरणोत्सारी आयोडीन-१२५ जोडतात, ते रिसेप्टरवर बसवतात आणि त्यात रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पाणी, घालतात. अँटीबॉडी असेल तर ती रिसेप्टरला धरते, मग हा गठ्ठा खाली बसवून त्यातली किरणोत्सारिता मोजतात. म्हणून उत्तर नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येते. १९७३ मध्ये विद्युत ईलचा रिसेप्टर टोचलेल्या सशांना मायस्थेनियासारखा आजार झाला, त्यावरून अँटीबॉडीचे बिंग फुटले. १९७६ पर्यंत रक्तचाचणी उभी राहिली होती.

गोव्यात रक्त घेतात पण तपासणीला नमुना बहुतेक वेळा राज्याबाहेर जातो, त्याचे कारण याच पद्धतीत आहे. आयोडीन-१२५ चे अर्धायुष्य सुमारे ६० दिवसांचे. किट पडून राहिले तर निकामी होते. किरणोत्सारी पदार्थ हाताळायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, ती वेगळीच. महिन्याला मोजकेच नमुने येणाऱ्या ठिकाणी हे परवडत नाही. मोठ्या प्रयोगशाळाही नमुने साठवून ठराविक दिवशी एकत्र लावतात. नमुना त्या दिवसाच्या आदल्या रात्री पोचला तर रिपोर्ट लवकर येतो, दुसऱ्या दिवशी पोचला तर पुढच्या फेरीपर्यंत फ्रीजमध्ये. फोनवर ‘किती दिवस लागतील’ असे विचारण्यापेक्षा ‘ही चाचणी कोणत्या वारी लावतात’ असे विचारावे. उत्तर देता आले तर सेंटर बरे आहे.

दुसरी पद्धत एलायझा. किरणोत्सार नाही, यंत्र सगळीकडे मिळते. पण हद्दीच्या आसपासच्या आकड्यांवर तिचा भरवसा आरआयएइतका नाही. तिसरी सेल-बेस्ड अ‍ॅसे. यात पेशींच्या पृष्ठभागावर रिसेप्टर स्नायूत असतात तसे दाटीवाटीने मांडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहतात. आरआयएत निगेटिव्ह आलेल्या काही रुग्णांची अँटीबॉडी इथे सापडते, कारण ती सुट्या रिसेप्टरला नीट धरत नाही, गर्दीतल्या रिसेप्टरला धरते. डोळ्यांच्या मायस्थेनियात दुसऱ्यांदा पैसे घालायचेच असतील, तर तीच चाचणी पुन्हा करण्यापेक्षा ही करावी.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी जुळवू नये. मडगावात एका सेंटरला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आणि नंतर म्हापशात दुसऱ्या सेंटरला दिलेल्याचा, दोघांच्या मागच्या प्रयोगशाळा वेगळ्या असू शकतात. आकडा दुप्पट झाला म्हणून आजार दुप्पट झाला असे नसते. कधीकधी फक्त किट बदललेले असते.

रक्त देण्याची बाजू सोपी आहे, तरी बिघडते ती इथेच. उपाशी राहायची गरज नाही. फक्त खूप तेलकट जेवणानंतर लगेच जाऊ नये, सीरम दुधाळ झाले तर प्रयोगशाळा ते परत करू शकते. तीन ते पाच मिली रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, म्हणजे सीरमच्या ट्यूबमध्ये, घेतात. जांभळ्या टोपणाची सीबीसीची ट्यूब चालत नाही. रक्त अर्धा तास उभे ठेवून गोठू द्यायचे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटे फिरवायचे, सीरम वेगळे करून २ ते ८ अंशांवर ठेवायचे. वाळपई, काणकोण किंवा पेडण्याकडच्या छोट्या सेंटरवर विचारायचा प्रश्न एकच: ‘सेंट्रिफ्यूज इथे आहे का, की ट्यूब तशीच पणजीला जाते?’

लोकांना वाटते उन्हात अँटीबॉडी मरते. तसे होत नाही. ही आयजीजी जातीची प्रथिने चिवट असतात, काही तासांच्या उष्म्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. बिघडतात त्या लाल पेशी. न फिरवलेली ट्यूब मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून खड्डे खात गेली की पेशी फुटतात आणि सीरम लालसर होते. असा नमुना नाकारला जातो, आणि तो नाकारल्याचा निरोप तुमच्यापर्यंत यायला तीन-चार दिवस जातात. जाड सुई, एका झटक्यात सापडलेली शीर आणि तिथल्या तिथे फिरवलेली ट्यूब, एवढ्यावर निम्मे काम होते. चवथीच्या दिवसांत किंवा लांब सुट्टीच्या आदल्या दिवशी रक्त देऊ नये. कुरियर थांबतो आणि पावसाळ्यात वीजही जाते-येते.

वेळ मात्र चुकवू नये. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होण्याआधी रक्त द्यावे. स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन यांनी आठवड्या-महिन्यांत अँटीबॉडी उतरतात आणि आधीच कच्चा असलेला रिपोर्ट आणखी कच्चा होतो. इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन लागली असेल तर त्यात दात्यांच्या अँटीबॉडी असतात, प्लाझ्मा बदलला असेल तर रुग्णाच्याच निघून गेलेल्या असतात. दोन्हींनंतर केलेली चाचणी वाचताच येत नाही. लक्षणे तात्पुरती कमी करणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीने या रक्तचाचणीवर परिणाम होत नाही, ती बंद करू नये. मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीआधी ती काही तास थांबवायला सांगतात, तो हिशेब वेगळा. नुकताच बोन स्कॅन, थायरॉइड स्कॅन किंवा पेट स्कॅन झाला असेल तर सेंटरला सांगावे, अंगातली किरणोत्सारिता आरआयएच्या मोजणीत मिसळते.

पावती बनते तेव्हा चाचणीचे नाव अक्षर न अक्षर बघावे. ‘कोलिनएस्टरेज’ ही वेगळी चाचणी आहे, कीटकनाशकाच्या विषबाधेत करतात ती. ‘स्मूथ मसल अँटीबॉडी’ यकृताच्या आजाराची. पाहिजे ती ‘ॲसिटाइलकोलीन रिसेप्टर अँटीबॉडी, बाइंडिंग’. ब्लॉकिंग आणि मॉड्युलेटिंग असेही दोन प्रकार यादीत दिसतात. पहिल्या खेपेला त्यांची गरज नाही. एएनए ही ल्युपससारख्या आजारांची चाचणी तर इथे काहीच सांगत नाही, तरी बिलात घुसलेली दिसते.

रिपोर्ट आल्यावर शेजारी छापलेली हद्द पाहायची, इंटरनेटवरची नाही. काही किटमध्ये ०.२५ च्या खाली निगेटिव्ह, ०.२५ ते ०.४० सीमारेषेवर आणि त्यापुढे पॉझिटिव्ह. दुसरीकडे पॉझिटिव्ह ०.५० पासून सुरू होते. आकडा ०.७ असो की १५, निदान तेच. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, हे एका रुग्णाची दुसऱ्याशी तुलना करताना लागू पडत नाही. २० असलेल्याची नुसती पापणी पडते आणि २ असलेल्याला घास गिळता येत नाही, असे होते. म्हणून दर तीन महिन्यांनी हीच चाचणी करून ‘किती उतरला’ पाहणे म्हणजे पैसे घालवणे. उपचाराचा हिशेब पापणीने, दुहेरी दिसण्याने आणि गिळण्याने ठेवायचा.

सीमारेषेवरचा आकडा आला तर घाईने नाव देऊ नये. काही आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा, किंवा दुसऱ्या पद्धतीने करावा. खोटा पॉझिटिव्ह विरळा, पण असतो. थायमस या छातीतल्या ग्रंथीची गाठ असून मायस्थेनियाची लक्षणे नसलेल्यांत, लॅम्बर्ट-ईटन या आजाराच्या काहींत, स्वयंप्रतिकार यकृतरोगात. स्पष्ट निगेटिव्ह आला आणि लक्षणे मात्र बोलकी असतील, तर सहा महिने ते वर्षाने पुन्हा करण्यात अर्थ आहे, काही जणांत अँटीबॉडी उशिरा दिसू लागते.

मायस्थेनियातल्याच दुसऱ्या एका, मस्क नावाच्या अँटीबॉडीचे काय? २००१ मध्ये ती सापडली, आणि एसीएचआर निगेटिव्ह असलेल्या, मान-घसा-चेहरा धरलेल्या रुग्णांत ती फार उपयोगी आहे. फक्त डोळ्यांच्या आजारात मात्र ती क्वचितच सापडते. किंमत सहसा जास्त. ‘मायस्थेनिया प्रोफाइल’ म्हणून एसीएचआर, मस्क, टायटिन असा जो जुडगा एकदम विकला जातो, तो डोळ्यांच्या रुग्णाने पहिल्या दिवशी घेऊ नये. आधी एसीएचआर, तो निगेटिव्ह आणि आवाज किंवा गिळणे बिघडू लागले तर मस्क, या क्रमाने जावे. सीरम थोडे जास्त घेऊन ठेवायला सांगितले तर पुन्हा टोचावेही लागत नाही. नमुना किती दिवस जपतात ते प्रयोगशाळेकडून आधीच विचारून घ्यावे.

या चाचणीचा सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी फुकट आहे: बर्फ. गोव्यात त्याला तोटा नाही, मासळी बाजार चालतो तोच त्याच्यावर. डॉक्टरसमोर, बर्फाचे तुकडे ग्लव्हमध्ये किंवा पिशवीत घालून, पातळ कापडातून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे ठेवायचे. आधी मोबाइलवर समोरून फोटो, मग काढल्या काढल्या दुसरा. पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर मायस्थेनियाचा संशय पक्का होतो. थंडीने ॲसिटाइलकोलीन मोडणारे एन्झाइम मंदावते म्हणून हे घडते. पापणी पूर्ण मिटलेली असेल तर बर्फही फसतो, आणि नुसतेच दुहेरी दिसत असेल तर उत्तर इतके स्वच्छ मिळत नाही. वेगवान निकालासाठी निओस्टिग्मिनचे इंजेक्शन अ‍ॅट्रोपिनसह देऊन पाहतात. ते हृदयाचे ठोके मंदावू शकते, म्हणून रुग्णालयातच.

विद्युत तपासणीत पुनःपुन्हा चेतना देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का ते पाहतात. दहा टक्क्यांहून जास्त घट ही खूण. डोळ्यांपुरत्या आजारात ही तपासणी बहुधा हुकते. सिंगल-फायबर ईएमजी, म्हणजे बारीक सुईने सुट्या स्नायूतंतूंची विद्युत तपासणी, कितीतरी तल्लख आहे, पण ती करणारा हात शिकलेला लागतो आणि ती सगळीकडे होत नाही. रक्त निगेटिव्ह आणि बर्फ पॉझिटिव्ह असलेल्याने पुढचे पैसे इकडे वळवावेत. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत दाखवत असाल, तर रक्त तिथूनच पाठवता येते का आणि ही तपासणी कुठे होईल, दोन्ही एकाच खेपेत विचारून घ्यावे. डीडीएसएसवाय या गोवा सरकारच्या आरोग्यविमा योजनेचे कार्ड मुख्यतः यादीतल्या, दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. खासगी सेंटरवरची ही चाचणी त्यात बसेल असे धरून चालू नये.

गोव्यात आणखी एक गुंता आहे तो मधुमेहाचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. मधुमेहात डोळा फिरवणारी एखादी नस अचानक लुळी पडते आणि दोन दिसू लागतात. पण तिथे सकाळ-संध्याकाळ फरक नसतो, बर्फाने काही होत नाही आणि बहुतेकांचे साधारण तीन महिन्यांत आपोआप सुधारते. अशा माणसाला अँटीबॉडीची चाचणी पहिल्याच दिवशी नको. उलट मायस्थेनिया असलेल्या मधुमेहीला ती इतरांहून जास्त मोलाची आहे. कारण पुढचा उपचार बहुधा प्रेडनिसोलोन, आणि त्याने साखर भडकते. नुसत्या अंदाजावर स्टेरॉइड सुरू करण्याआधी कागदावर ठोस पुरावा असला तर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही निर्धास्त राहतात.

थायरॉइडही पाहून घ्यावा. मायस्थेनियाच्या काही रुग्णांत थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार सोबत असतो, आणि थायरॉइडच्या डोळ्यांतही दोन दिसते. तिथे पापणी सहसा पडत नाही, उलट वर ओढलेली, डोळा बाहेर आल्यासारखा. त्यासाठी टीएसएच, एफटी-४ आणि टीआरएबी (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) या रक्तचाचण्या. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर निदान दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्यात. अनेक यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टीआरएबी खोटा जास्त येऊन नसलेला ग्रेव्हज् आजार, म्हणजे थायरॉइड जास्त चालण्याचा आजार, रिपोर्टवर उभा राहतो.

पॉझिटिव्ह आल्यावर पुढचे पाऊल छातीच्या सीटी स्कॅनचे. मायस्थेनियाच्या दहा ते पंधरा टक्के रुग्णांत थायमसची गाठ असते. डोळ्यांपुरता आजार असलेल्यांत ती कमी, पण पाहिल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांपासून सुरू झालेला आजार निम्म्याहून अधिक जणांत पुढे अंगभर पसरतो, तोही बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून या काळात पाठपुरावा सोडू नये.

रिपोर्टची वाट पाहत बसू नये असे प्रसंगही आहेत. पापणी पडली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, सोबत डोके ठणकते आहे, तर हा मायस्थेनिया नव्हे. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नसेवर दाबत असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी स्कॅन. पाणी नाकातून येऊ लागले, बोलता बोलता आवाज गेंगाणा झाला, उताणे झोपले की दम लागतो, तर १०८ ला फोन करून सरळ कॅज्युअल्टी. नमुना कुठे पोचला याची चौकशी नंतर.

रिपोर्टची एक प्रत आणि टाळायच्या औषधांची यादी पाकिटात ठेवावी: जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम, बीटा-ब्लॉकर, क्लोरोक्विन, बोटॉक्स. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंबही याच यादीत येतात, आणि थेंब म्हणजे औषध नव्हे असे समजून तेच सांगायचे राहते. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी ही प्रत भूलतज्ज्ञाच्या हातात द्यावी. दात काढायचा असला तरी दंतवैद्याला आधी दाखवावी.